नदी गेली नळात!

एक कोडं घालू?

एक नदी आहे. तिच्यावर धरण नाही. तिच्यातून कालवा काढलेला नाही. कुणी तिच्यात पाइप सोडून पाणी खेचत नाही. पाऊसही नेहमीसारखाच झालाय. तरी नदी आटली! आटली म्हणजे किती? पुलाखाली गवत उगवलं आणि लोक नदीच्या पात्रातून कुत्री फिरवायला नेऊ लागले!

मग पाणी चोरलं कुणी?

थांब, लगेच उत्तर देऊ नकोस. चोर सापडेल. पण त्याच्या मागावर आपल्याला थेट इंग्लंडला जायचंय. तिकीट नको, पासपोर्ट नको. हातात फक्त एक खडू घे.

हो हो, खडूच! इंग्लंडच्या दक्षिणेला आणि पूर्वेला अख्खे डोंगर खडूचे आहेत. थापा मारत नाहीये! वर हिरवंगार गवत असतं. ते जरा खरवडलं की खाली पांढराफेक दगड. बोटाने घासला तर बोट पांढरं! डोव्हर गावाजवळ हाच दगड समुद्राच्या काठावर भिंतीसारखा उभा आहे. जहाजातून येणाऱ्यांना तो लांबूनच दिसतो, इतका पांढरा. (तुझ्या शाळेतला खडू बहुतेक वेळा जिप्समचा असतो, डोंगरातला नसतो. पण कपड्यांना दोन्ही सारखेच फासले जातात!)

आता हा डोंगर बनला कशाचा, ओळख बघू. माती? वाळू? राख? चूक, चूक, चूक!

तो बनलाय जिवांच्या कवचांचा! साधारण १० कोटी ते ७ कोटी वर्षांपूर्वी तिथे उबदार समुद्र होता. वरच्या पाण्यात अतिसूक्ष्म शेवाळ तरंगायचं. त्याच्या प्रत्येक पेशीभोवती चुन्याच्या गोल गोल चकत्या असायच्या. ढालीच म्हण ना! चकती इतकी बारीक, की तुझ्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशा दहा तरी शेजारी शेजारी मावतील. शेवाळ मेलं की चकत्या तळाशी. पुन्हा नवं शेवाळ, पुन्हा नव्या चकत्या. हजार वर्षांत थर जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वाढायचा. तुझ्या करंगळीच्या नखाएवढा! पण समुद्राला कुठे घाई होती? कोट्यवधी वर्षांत शेकडो मीटर जाडीचा खडू साचला.

१८६८ साली थॉमस हक्सली नावाच्या शास्त्रज्ञाने नॉरिच शहरातल्या कामगारांना एक व्याख्यान दिलं. विषय काय, तर खडूचा एक तुकडा! तेवढ्या तुकड्यावर त्याने पृथ्वीची भलीमोठी गोष्ट सांगितली. मला तर वाटतं, विज्ञान सांगावं तर असं.

आणि गंमत ऐक. तिकडे हा खडू साचून झाला, त्यानंतर थोड्याच काळाने, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, इकडे आपल्या महाराष्ट्रात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता. त्याचाच आपला काळा सह्याद्री झाला. ‘थोड्याच काळाने’ म्हणजे चाळीसेक लाख वर्षांनी बरं का! डोंगरांच्या हिशेबात तेवढं चालतं.

तर चल, पुन्हा चोराच्या मागावर.

कोरडा खडू पेल्यातल्या पाण्यात टाक आणि कान जवळ ने. सुर्रर्र! बुडबुडे आले ना? खडूच्या आत पोकळी असते. पाणी आत शिरलं, हवा बाहेर पडली. डोंगरातल्या खडूचंही तसंच. या दगडात जवळजवळ तिसरा हिस्सा नुसती भोकं असतात! बादलीएवढा दगड घेतला, तर पाव ते अर्ध्या बादलीच्या मधली पोकळी. पण भोकं भयंकर बारीक. त्यातलं पाणी सहजासहजी सुटत नाही, चिकटून बसतं. पाणी भराभर धावतं ते दगडातल्या भेगांमधून.

मग डोंगरावर पाऊस पडला की काय होतं? ओढा वाहत नाही! पाणी सरळ जमिनीत गडप! म्हणूनच या डोंगरांवर फिरलं तर वर ओहोळ, नाले फारसे दिसतच नाहीत.

तुला वाटत असेल, इंग्लंडात सारखा पाऊस, मग पाण्याची काय कमतरता? अगदी सगळ्यांना असंच वाटतं! आता ऐक. लंडनला वर्षभरात पाऊस पडतो साधारण ६०० मिलीमीटर. म्हणजे आपल्या सोलापूर-अहिल्यानगर भागात पडतो जवळपास तेवढाच! फक्त तिकडे तो वर्षभर थोडा थोडा भुरभुरतो, म्हणून जास्त वाटतो.

त्यातला उन्हाळ्यातला पाऊस झाडं, गवत आणि ऊन मिळून फस्त करतात. खाली काहीच पोचत नाही म्हटलं तरी चालेल. डोंगराची टाकी भरते ती हिवाळ्यात. झाडांची पानं गळलेली, पिकं झोपलेली, ऊन पांगळं. मग पाणी मुरत मुरत खाली जातं. त्यामुळे तिकडे पाण्याची काळजी वाहणारी माणसं जुलैतल्या सरीने खूश होत नाहीत. डिसेंबरमध्ये किती पडला, ते विचारतात.

खाली जातं, पण किती वेगाने? आता मात्र घट्ट बसून ऐक!

भेगांमधलं पाणी पटकन उतरतं. पण बारीक भोकांमधून जाणारं पाणी वर्षाला साधारण एक मीटर सरकतं. वर्षाला! एक मीटर! म्हणजे तुझ्या जन्माच्या वर्षी त्या डोंगरावर पडलेला पाऊस आत्ता कुठे असेल? तुझं वय दहा असेल, तर दहा मीटर खाली. तीन मजले उतरायला दहा वर्षं! तुझ्या आजीच्या लहानपणचा पाऊस अजून वाटेतच असेल.

मग झरे वाहतात कसे? यंदा पाऊस झाला तर झऱ्याला यंदाच पाणी कसं येतं?

शाळेत पाण्याच्या नळापाशी लांबलचक रांग असते ना? मागून कुणी ढकललं की पुढचा नळावर आपटतो. ढकलणारा मात्र मागेच असतो! इथेही वरून नवं पाणी दाबतं आणि खालून जुनं पाणी बाहेर पडतं. आज झऱ्यातून ओंजळीत घेतलेलं पाणी कितीतरी वर्षांपूर्वीच्या ढगातलं असू शकतं.

खडूच्या पोटात साठत साठत पाण्याची पातळी वर चढते. जिथे दरी या पातळीपेक्षा खोल असते, तिथे पाणी झुळझुळ बाहेर येतं. झाला झरा! झऱ्यांची झाली नदी! अशा खडूच्या नद्या जगात फार नाहीत. फ्रान्समध्ये काही, डेन्मार्कमध्ये काही. बाकी बहुतेक सगळ्या एकट्या इंग्लंडमध्ये!

आणि त्या दिसतात कशा, सांगू? पाणी निवळशंख. कमरेइतक्या खोल पाण्यातला प्रत्येक गोटा मोजून घ्यावा. इतक्या थरांतून गाळून आलेलं ते! झऱ्याचं पाणी बारा महिने एकाच तापमानाला, १० ते ११ अंश. उन्हाळ्यात पाय घातला तर ‘आई गं’ होतं. हिवाळ्यात हवा गोठलेली असते तेव्हा याच पाण्यावरून वाफा निघतात! नदी तीच, तापमान तेच, फक्त बाहेरची हवा बदलली. मे-जूनमध्ये पाण्यात लांब हिरव्या वेण्यांसारख्या वनस्पती डोलतात. त्यांची पांढरी फुलं पाण्यावर आली की नदीवर पाकळ्यांची चादर पसरते. खाली ठिपकेवाले ट्राउट मासे, काठावर खंड्या, रात्री पाणमांजर. मजाच मजा!

पण या नद्यांची सर्वांत भन्नाट गोष्ट अजून सांगितलीच नाही. या नद्यांचा उगम चालतो!

भूगोलाच्या पुस्तकात उगम म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. गोदावरीचा त्र्यंबकेश्वर, कृष्णेचा महाबळेश्वर. पाठ केलं, झालं. खडूच्या नदीचा उगम मात्र एका जागी बसतच नाही! हिवाळ्यात जमिनीखालची पातळी चढली की दरीत आणखी वर, आणखी वर झरे फुटतात. नदी वरच्या बाजूला लांब होते. काही ठिकाणी कित्येक किलोमीटर! उन्हाळा सरत आला की पातळी उतरते, वरचे झरे बंद, आणि उगम सरकत सरकत खाली येतो. नदी आखूड! म्हणजे वरच्या टोकाचे काही तुकडे दर वर्षी कोरडे पडतात, तेही आपणहून. त्यात कुणाचाच दोष नाही.

केनेट नावाची नदी घे. तिच्या उगमाकडे सिलबरी हिल नावाची टेकडी आहे. साधीसुधी टेकडी नाही! सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी खडू आणि माती रचून केलेली, जवळजवळ ४० मीटर उंच. तिच्या जवळच्या झऱ्याला हिवाळ्यात पाणी असतं. उन्हाळ्यात गेलं तर नुसता खड्डा! आणि चिचेस्टर शहरातली लावांट नदी ऐक. उन्हाळ्यात ती बऱ्याचदा गायबच असते. पण जानेवारी १९९४ मध्ये खूप पाऊस झाला, डोंगराचं पोट काठोकाठ भरलं आणि याच नदीने शहरात पूर आणला!

आता मुख्य प्रश्न. नदी आपणहून आखडली की कुणी आखडवली?

चल, चोर पकडायला एक प्रयोग करू. मोठी परात घे. तीत वाळू पसर. एका बाजूला वाळूत बोटाने खोलगट चर कर. ही आपली दरी. आता वाळूवर हळूहळू पाणी ओत, चरात जरासं पाणी दिसेपर्यंत. झाली नदी! हात धुवायच्या साबणाच्या बाटलीचा रिकामा पंप माग आईकडे. त्याच्या नळीच्या तोंडाला फडक्याचा तुकडा बांध आणि चरापासून वीतभर लांब वाळूत खुपस. आता दाब! दाब, दाब, दाब! पाणी येतंय ना?

आणि चराकडे बघ. पाणी उतरलं! तू नदीला बोटसुद्धा लावलं नाहीस. तरी नदी गेली!

हाच आपला चोर. पंप! खडूच्या डोंगरात खोल विहिरी आणि बोअर घेतलेल्या असतात. त्यातून गावांना, शहरांना प्यायचं पाणी उपसतात. पंप सुरू झाला की विहिरीभोवती जमिनीखालच्या पाण्याला खळगा पडतो, उलट्या धरलेल्या शंकूसारखा. उपसा चालू राहिला की खळगा रुंद होत जातो. मग दोन गोष्टी होतात. जे पाणी झऱ्याकडे निघालेलं होतं, ते वाटेतूनच विहिरीकडे वळतं. आणि खळगा नदीखाली पोचला, तर नदीतलं पाणीच तळातून खाली झिरपायला लागतं! ‘शेजारच्या शेतात बोअर मारली आणि आपली विहीर खाली गेली’ अशी तक्रार आपल्याकडेही गावोगाव ऐकू येते. तोच प्रकार!

हा चोर फार हुशार आहे. चोरी करतो आज आणि ती उघडकीला येते काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी! कारण पंप आधी विहिरीजवळचं साठलेलं पाणी संपवतो. नदीला झळ पोचेपर्यंत वेळ लागतो. विहीर जितकी लांब, तितका उशीर. त्यामुळे पंप बघून नदीकडे पाहिलं तर नदी अगदी छान वाहताना दिसते. पण शेवटी हिशेब चुकता होतोच. वर्षानुवर्षं उपसलेल्या पाण्यापैकी जवळजवळ सगळं कुठल्या ना कुठल्या झऱ्याच्या वाट्याचं असतं. आणि फटका बसतो तो उन्हाळ्याच्या शेवटी, नदी आधीच रोडावलेली असताना. उगम तर आणखी खाली सरकतोच. कधी नदीचा जो भाग बारमाही होता, तोच कोरडा पडतो.

पाणीपुरवठा कंपन्यांना हेच पाणी का आवडतं, ठाऊक आहे? कारण डोंगराने ते फुकटात गाळून दिलेलं असतं! नदीचं गढूळ पाणी शुद्ध करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. फक्त एक खूण राहते. इंग्लंडमधल्या त्या भागातल्या घरात चहाची किटली उघडून बघ. तळाला पांढरा थर! तो कसला? पाण्यात विरघळून आलेला डोंगर! कोट्यवधी वर्षांपूर्वीचं शेवाळ थेट चहाच्या किटलीत! तिथे एक माणूस दिवसाला सरासरी १४० लिटरच्या आसपास पाणी वापरतो. आपल्या मोठ्या सात-आठ बादल्या.

तू म्हणशील, पण वापरलेलं पाणी गटारातून परत नदीतच जाईल ना?

वा! फार हुशार प्रश्न! जातं, पण बऱ्याचदा भलत्याच ठिकाणी. केनेटचंच बघ. तिच्या काठावर ॲक्सफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या विहिरींमधून पाणी उपसायचं आणि डोंगरापलीकडच्या स्विंडन शहराला द्यायचं. स्विंडनच्या लोकांनी आंघोळ केली, भांडी घासली. ते सांडपाणी शुद्ध होऊन रे नावाच्या दुसऱ्याच नदीत! तिथून ते थेम्सला मिळतं. केनेटही पुढे रेडिंग शहरात थेम्सलाच मिळते. म्हणजे थेम्सचं काहीच बिघडलं नाही. मधल्या मध्ये केनेट मात्र उपाशी! काठावरच्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी ऑक्सफर्डजवळच्या फार्मूर जलाशयाचं पाणी पाइपलाइनने स्विंडनला आणलं. २०१७ पासून केनेटजवळचा उपसा कमी झाला.

पाणी थोडं कमी झालं तर माशांचं एवढं काय बिघडतं? बिघडतं! ट्राउटची मादी हिवाळ्यात शेपटीने फटके मारून तळाच्या खड्यांमध्ये खळगा करते आणि त्यात अंडी घालते. खड्यांमधून ताजं पाणी खेळत राहिलं तरच आतली अंडी जगतात. पाणी मंदावलं की गाळ बसतो. गाळाने खड्यांमधल्या फटी बुजल्या की अंड्यांचा श्वास कोंडतो. नदी वरवर तर वाहताना दिसते! पण पिल्लंच नाहीत.

व्हेर नावाच्या नदीचीही अशीच गत झाली होती. सेंट ऑल्बन्स शहराजवळून जाणारी ही छोटीशी नदी. रोमन लोकांनी तिच्या काठी मोठं शहर वसवलं होतं. तिच्यावर पिठाच्या पाणचक्क्या चालायच्या. रेडबर्नबरीची चक्की तर आजही पीठ दळते. पण चाक फिरवायला नदीचं पाणी पुरत नाही, म्हणून तेलावर चालणारं इंजिन लावलंय! पाणचक्की, पण तेलावर! हसू येतं की नाही?

१९९३ साली या नदीच्या वरच्या भागातलं फ्रायर्स वॉश हे उपसा केंद्र बंद केलं. पंप थांबले. जमिनीखालचा खळगा हळूहळू भरला आणि जिथे पात्र कोरडं होतं तिथे पुन्हा पाणी आलं! चोर गेला, नदी परतली! दुष्काळात अजूनही तिचा वरचा भाग आटतो, कारण खोऱ्यातले सगळेच पंप काही बंद झालेले नाहीत. लोकांनाही पाणी हवंच ना! म्हणून आता दुसऱ्या युक्त्या चालल्या आहेत. दक्षिणेला हॅव्हंट थिकेट नावाच्या जागी नवा जलाशय होतोय. हिवाळ्यात झऱ्यांना भरपूर पाणी असतं, तेव्हाचं जास्तीचं पाणी त्यात साठवायचं आणि उन्हाळ्यात वापरायचं. म्हणजे टेस्ट आणि इचन या दोन नामांकित खडूच्या नद्यांवरचा ताण कमी होईल.

आता शेवटचा धक्का देऊ? लंडन शहराच्या खालीही खडूच आहे! पण त्याच्यावर चिकणमातीचा जाड थर बसलाय, घट्ट झाकणासारखा. एकेकाळी तिथले कारखाने धडाधड पाणी उपसायचे. ट्रफाल्गर चौकातली कारंजी १८४० च्या दशकात बांधली, तेव्हा त्यांनाही या खडूतलंच पाणी होतं. उपसा इतका वाढला, की १९६० च्या दशकापर्यंत शहराखालची पातळी समुद्रसपाटीच्याही ८० मीटरहून खाली गेली! मग कारखाने बंद पडले किंवा शहराबाहेर गेले. पंप थांबले.

आणि पाणी निघालं वर! एका वर्षात तीन-तीन मीटरपर्यंत! वरती काय, तर भुयारी रेल्वेचे बोगदे आणि उंच इमारतींचे पाये. सगळ्यांची झोप उडाली! १९९० च्या दशकात सगळ्यांनी मिळून योजना आखली. काय केलं असेल? बरोबर! मुद्दाम नव्या विहिरी घेतल्या आणि पाणी उपसायला लागले. त्यातलं काही पाणी नळाला दिलं जातं.

म्हणजे सेंट ऑल्बन्सला लोक ओरडतायत, ‘पंप बंद करा!’ आणि तिथून जेमतेम ३०-३५ किलोमीटरवर, त्याच खडूवर बसलेलं लंडन म्हणतंय, ‘अरे, पंप चालू ठेवा रे!’